ड्रायव्हरची सीट शेवटी

मनीषा, तुझ्या आत्याच्या शुद्धलेखनाच्या चुका आधीच पोटात घाल. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि त्या चौथीतलंही अर्धं वर्ष कापूस वेचण्यात गेलं. अक्षराचं तर बोलायलाच नको. इतकी वर्षं रेक्झीन कापून उजवा अंगठा बाहेर वळलाय, पेन धरलं की हात कात्रीसारखा चालतो. मशीनवर माझी शिवण दोरी धरल्यासारखी सरळ जाते, कागदावर मात्र ओळ घाट चढायला लागते. वाचताना कुठे अडलीस तर पुढची ओळ वाच, मागचं आपोआप समजेल.

परवा तुझा फोन आला. नाशिकला नवी गाडी घेतलीस, त्या गाडीच्या कंपनीचं आणि बँकेचं मिळून एक क्रेडिट कार्ड शोरूमवाले देताहेत, खरेदी केली की पॉइंट जमतात, पॉइंटांवर पुढची गाडी स्वस्त पडते. "फुई, तुमच्याकडे होतं ना असलं कार्ड? घेऊ का?" मी विचारलं, "जेवलीस का?" आणि फोन ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी तुला सांगितलं, "घे की, चांगलं असतं!" ते ऐकलं आणि मी लिहायला बसले. फोनवर मला बोलणं सुचत नाही, आणि ह्यांना फोनवर सगळंच चांगलं वाटतं.

कार्डाचं सांगायचं तर आधी धंद्याचं सांगावं लागेल. आमचं दुकान तुला आठवत असेल. जळगावहून नशिराबादकडे निघालं की हायवेला लागून पत्र्याची शेड. पुढे हे उभे, गिऱ्हाइकाशी बोलायला. मागे हिरवा पडदा, आणि पडद्याआड मशीनवर मी. गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवायची. बोलणं ह्यांचं, शिवण माझी. गिऱ्हाईक विचारायचं, "कारागीर कुठे आहे?" हे म्हणायचे, "आत आहे." "बोलवा की." "बोलत नाही तो." खोटं नव्हतं ते. पण एका टॅक्सीवाल्याचा समज झाला की आत कुणी मुका माणूस काम करतो. तो दर दिवाळीला त्याच्यासाठी एक विडीबंडल ठेवून जायचा. ह्यांनी कधी खरं सांगितलं नाही, आणि विडी ओढणारा घरात होताच.

काम वाटतं तेवढं सोपं नाही. जुनं कव्हर काढलं की सीटवर वर्तमानपत्र अंथरायचं आणि शिवणीच्या कडेकडेने अंगठ्याने दाबत जायचं. कागदावर सीटचा आकार उमटतो. तो कापला की झाला फर्मा. त्यावरून रेक्झीनच्या उलट्या बाजूला खडूने रेघा मारायच्या, शिवणीपुरतं जास्त ठेवून कापायचं, आत फोम, कडेला गोट. शिवून झालेलं कव्हर उन्हात तापवायचं. तापलं की रेक्झीन मऊ पडतं, तेवढ्यात ताणून बसवायचं. गार झालं की आपणहून आवळून बसतं, एक सुरकुती राहत नाही. जळगावच्या उन्हाला सगळं जग शिव्या देतं, आम्ही जरा कमी द्यायचो.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. रावेरचे एक केळीचे व्यापारी होते. त्यांना रेक्झीन नको, टर्किश टॉवेलची कव्हरं हवीत. का, तर मे महिन्यात रेक्झीनवर बसलं की माणूस उठताना चिकटून येतो. ते हव्या त्या रंगाचे टॉवेल स्वतः घेऊन यायचे. एकदा त्यातल्या एका टॉवेलवर भुसावळच्या लॉजचं नाव निघालं. मी ते नाव बरोबर मागच्या सीटखाली जाईल असं कापलं. आणि चोपड्याचे एक मास्तर. त्यांनी नव्या कव्हरांवर पारदर्शक प्लॅस्टिक चढवून घेतलं, त्या प्लॅस्टिकवर सतरंजी टाकली, आणि पाहुणे आले की सतरंजीवर चादर. माझी शिवण त्या गाडीत कुणी पाहिली असेल असं मला वाटत नाही.

आता मुख्य गोष्ट. आमच्या धंद्यात एक रीत होती. हे धुळ्याला एका उस्तादांकडे काम शिकले, त्यांची ती रीत. गिऱ्हाइकाचे पैसे बाकी असले तर भांडायचं नाही, तगादा लावायचा नाही. मागच्या सीटा करून द्यायच्या, पुढची डावी करून द्यायची, फक्त ड्रायव्हरची सीट तशीच ठेवायची. जुनी, फाटकी, काथ्या बाहेर आलेली. पैसे पुरे झाले की ती बसवायची. उस्ताद म्हणायचे, "ज्याला रोज टोचतं तोच पैसे देतो." नशिराबादच्या एका काळी-पिवळीवाल्याने आमचे पैसे थकवले होते. प्रवासी झकपक लाल सीटांवर, आणि हा मध्ये पोत्यावर. आठवडी बाजारच्या दिवशी एका म्हातारीने गाडीभर माणसांत विचारलं, "काय रे बाबा, तुझी सीट गहाण आहे का?" संध्याकाळी तो पैसे घेऊन हजर. खानदेशातले सगळे सीटवाले ही रीत पाळायचे. नव्या गाडीत ड्रायव्हरचीच सीट उघडी दिसली की ओळखायचं, कुठेतरी हिशेब उघडा आहे.

आमच्याकडे पैसा यायचा तो असा. टॅक्सीवाले थोडं थोडं देणार, शेतकरी केळी कापली की एकदम देणार. आणि आम्हाला रेक्झीन घ्यायचं ते जळगावातल्या शेटजींकडून. शेटजी उधार द्यायचे, पण रोख दिलं तर शेकडा तीन रुपये वटाव. म्हणजे शंभराचा माल सत्त्याण्णवला. तो वटाव मी वेगळा काढायचे आणि पोस्टात माझ्या नावावर टाकायचे. मला एक लहान व्हॅन हवी होती. सीटा हातगाडीवरून आणायच्या, पोचवायच्या, पावसात फोम भिजला की त्याचं वजन चौपट आणि वास आठवडाभर. व्हॅन असली तर गावोगावी जाऊन सीटा उचलून आणता येतील, आणि मला मागे बसून जाता येईल, कुणाशी न बोलता. एवढंच माझं स्वप्न होतं, आणि ते वटावावर चाललं होतं.

नव्वद साल उलटून बरीच वर्षं झाली होती, तू पहिलीत असशील. जळगावच्या एका शोरूमच्या नव्या गाड्या आमच्याकडे कव्हरांसाठी यायच्या. तिथला सेल्समन एक दिवस कागद घेऊन आला. गळ्यात टाय, आणि कपाळावरचा घाम त्या टायनेच पुसत होता.

"तुम्ही तर आमच्या घरचे," तो ह्यांना म्हणाला. "कंपनीचं कार्ड निघालंय. तुम्ही टॅक्स भरता, तुम्हाला लगेच मिळेल. कार्डावर खरेदी करायची, शंभर रुपयांना एक पॉइंट. एक पॉइंट म्हणजे एक रुपया. आमच्या कंपनीची गाडी घ्याल तेव्हा तेवढे पैसे कमी."

"म्हणजे रोज घेतो ते घ्यायचं आणि वर गाडी?"

"गाडी नाही हो, गाडीत सूट."

"तेच ते!"

पडद्याआडून मी ऐकत होते. व्हॅन त्याच कंपनीची होती. मशीन थांबवून मी ऐकत होते म्हणजे मलाही ते पटतच होतं, हे लिहून ठेवते. नाहीतर तू सगळं ह्यांच्या माथी मारशील.

कार्ड आलं. त्यावर सोनेरी अक्षरांत ह्यांचं नाव, आणि गाडीचं चित्र. पहिल्या दिवशी देवापुढे ठेवलं. दुसऱ्या दिवशी हे शेटजींकडे गेले. शेटजींनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं, चष्म्याच्या वरून ह्यांच्याकडे पाहिलं.

"हे इथे चालत नाही. आणि चाललं तरी वटाव नाही."

"पण शेटजी, पॉइंट मिळतात."

"मी तुम्हाला तीन रुपये देतो, ते तुम्हाला एक रुपया देणार, तोही त्यांच्याच दुकानात खर्च करायचा. तुम्ही बायकोला विचारून आलात का?"

हे घरी येऊन म्हणाले, "शेटजी जुन्या काळातले."

त्या वेळी जळगावात कार्ड घेणारी दुकानं बोटावर मोजण्यासारखी. एक-दोन सराफ, एक साड्यांचं मोठं दुकान, टीव्ही-फ्रिजवाला, एखादा पेट्रोल पंप. तिथे एक लोखंडी यंत्र असायचं. त्यात कार्ड ठेवायचं, वर कार्बनची पावती, आणि इस्त्री फिरवल्यासारखं घर्रकन दाबायचं. ह्यांना तो आवाज फार आवडायचा. पण आम्हाला काही रोज सोनं आणि फ्रिज लागत नव्हते. महिना झाला तरी पॉइंट वाढेनात. मग ह्यांच्या डोक्यात ती कल्पना आली.

ते लग्नसराईचे दिवस. नातेवाईक खरेदीला जळगावला यायचेच. हे त्यांना म्हणाले, "तुम्ही रोख देणारच आहात ना? मग माझ्या कार्डावर घ्या, रोख मला द्या. तुमचं काही जात नाही, मला पॉइंट मिळतात." कुणाला नाही म्हणायचं कारणच नव्हतं. बघता बघता आमच्या घरातलं कार्ड गावातल्या मोठ्या पातेल्यासारखं झालं. ज्याच्या घरी कार्य, त्याच्याकडे ते जायचं. फरक एवढाच की पातेलं एकटं जायचं, कार्डाबरोबर हेही जायचे. दुकान सोडून दोन-दोन तास साड्या बघत बसायचे.

दुकानदार कार्डाला शेकडा दोन रुपये जास्त लावायचे. ते नातेवाइकांना कसे सांगणार? ह्यांना लाज वाटली. "आपल्या पॉइंटांसाठी त्यांना भुर्दंड कशाला," म्हणून ते दोन रुपये हे आपल्या खिशातून द्यायला लागले. एका रुपयाच्या पॉइंटासाठी दोन रुपये! मी एकदा म्हटलं, "हे उलटं होत नाही का?" हे म्हणाले, "मोठ्या आकड्यात सुलटं होतं." मला वाटलं, असेल. पॉइंट वाढत होते. पडद्याला मी टाचणीने एक चिठ्ठी लावली होती, तिच्यावरचा आकडा दर महिन्याला बदलताना मलाही गंमत वाटायची.

आणि मग तुझे बाबा आले.

नाना माझा मोठा भाऊ. जळगावातल्या दुकानदाराशी बोलला तर शहरी बोलायचा, माझ्याशी कायम अहिराणी. जीप लावून हॉर्न वाजवतच आत आला. "सुमन, ते कार्ड कथा शे व? माले फ्रिज लेना शे."

"रोख आणलास का?"

"केळी कापाई गयी का दी दिसू. पैसा काय पयी जातस का?"

फ्रिज घेतला. गल्लीत पहिला. मग सराफाकडून वहिनीच्या पाटल्या घेतल्या, कारण फ्रिज आपल्यासाठी घेतला आणि तिला काहीच नाही हे बरं दिसेना. ह्यांनी दोन्हीकडचे वरचे दोन रुपये भरले. मेहुणा म्हटल्यावर तर लाज जास्तच. सगळे मिळून वीस हजारांच्या वर गेले. कार्डाची मर्यादाही जवळजवळ तिथेच संपली.

बाकीच्या नातेवाइकांनी पैसे दिले. कुणी हळद झाल्यावर, कुणी पाचपरतवण झाल्यावर, पण दिले. बँकेला मात्र ना हळद माहीत, ना पाचपरतवण. तिला तारीख माहीत. तारखेला सगळे भरले तर व्याज नाही, राहिले तर महिन्याला शेकडा पावणेतीन. सावकारही एवढं लावताना इकडेतिकडे बघतो. हे त्या सेल्समनने सांगितलं होतं, छापलेलंही होतं, पण आम्ही पॉइंटांचंच पान वाचलं होतं.

फोन यायला लागले. मुंबईहून एक मुलगी बोलायची. हे नेमके बाहेर असायचे. मी फोन उचलून गप्प राहायचे.

"हॅलो? कोण बोलतंय?"

"कारागीर."

"मालक आहेत का?"

"नाहीत."

"काका, त्यांना सांगा पेमेंट भरायला."

मीच काका! माझा आवाज आधीच जाड, त्यात भीतीने आणखी खाली गेला होता. चौथ्या की पाचव्या फोनला माझ्या तोंडून निघून गेलं, "जेवलीस का गं?" ती म्हणाली, "नाही हो. अजून बरेच फोन करायचे आहेत." आणि मग हळूच, "काकू, व्याज वाढतंय. घरात पैसे असतील तर भरून टाका, थांबू नका." परक्या मुलीने आपलं म्हणून सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी ह्यांना घेऊन पोस्टात गेले आणि व्हॅनचे सगळे पैसे काढून बँकेचे भरले. मुद्दल, व्याज, सगळं. पोस्टातल्या बाईने विचारलं, "काय घेताय एवढ्या पैशांचं?" मी म्हटलं, "भावाचा फ्रिज."

बँक मिटली. आता राहिला नाना.

नानाची केळी कापली गेली. भाव चांगला मिळाला, हे रावेरच्या त्याच टॉवेलवाल्या व्यापाऱ्यांकडून कळलं. नाना आला नाही. पुढे समजलं, त्याने मळ्यात ठिबक बसवलं. हे म्हणाले, "मी बोलतो." गेले, जेवून आले, वानवळा म्हणून वांगी घेऊन आले, आणि पैशांचं बोललेच नाहीत. मग मी माहेरी गेले तेव्हा स्वतःच विचारलं. एवढं धाडस मी जन्मात केलं नव्हतं.

नाना हसला. "तू माले बहिण शे का सावकार शे व?"

"बँकेने व्याज लावलं नाना. ते आम्ही भरलं."

"फ्रिज मन्हा, वापरस मी, व्याज बँकले कसालं?" आणि मग जरा रागाने, "मी तुन्हा भाऊ शे का गिऱ्हाईक शे?"

"गिऱ्हाईक ऱ्हाता ते बरं व्हतं," मी म्हटलं.

तो मोठ्याने हसला, वहिनीने चहा आणला, विषय संपला. नानाची नियत वाईट नव्हती, मनीषा. भावाबहिणीत तारीख असते असं त्याच्या गावीच नव्हतं. माझे पैसे त्याच्याकडे म्हणजे ते घरातच आहेत, असं त्याचं मन सांगत होतं. मला मात्र हातगाडी दिसत होती आणि भिजलेला फोम.

पोळ्याच्या आधी नानाने जीप आमच्या दुकानी पाठवली. जुनीच जीप, सीटा पार गेलेल्या. निरोप असा की बहिणीच्या हातची कव्हरं हवीत, चॉकलेटी रंग, पांढरा गोट. आता भावाकडून मजुरी घ्यायची नाही हे ठरलेलंच. मी शिवायला बसले. इतकी सुंदर कव्हरं मी क्वचितच शिवली असतील. मागचे दोन्ही बाक झाले, पुढची डावी सीट झाली. उन्हात तापवून, ताणून, एक सुरकुती नाही. ड्रायव्हरच्या सीटवर मी वर्तमानपत्र अंथरलं, फर्मा काढला, रेक्झीन कापलंही. आणि मग ते गुंडाळून खुंटीला टांगलं.

हे म्हणाले, "अगं, भाऊ आहे तो."

मी म्हटलं, "म्हणून तर मागच्या सीटा केल्या."

नाना जीप न्यायला आला. मागे हात फिरवला, पुढे हात फिरवला, खूष झाला. मग ड्रायव्हरच्या बाजूला गेला. काथ्याचे केस बाहेर, एक स्प्रिंग दात काढून बघतेय.

"हाई सीट राह्यनी."

"हा."

"कव्हय करशी?"

"रेक्झीन सरी गयं."

माझ्या शेजारी चॉकलेटी रेक्झीनचा गठ्ठा उभा होता. नानाने तो पाहिला. खुंटीकडे पाहिलं. मग जीपमध्ये बसला, "आई वं" म्हणाला, थोडा सरकून बसला आणि गेला. मी आत जाऊन मशीनवर नुसतीच बसून राहिले. पैसे गेले तर गेले, भाऊही गेला तर काय करायचं, हा विचार मी सीट सोडताना केला नव्हता, तो आता आला. राखी तर होऊन गेली होती. भाऊबीज पुढे होती.

भाऊबीजेला नाना आला. मी दारात उभीच होते. सीटवर गोधडीची चौघडी, तरी उतरला तो कंबर धरून. ओवाळलं. त्याने ताटात अकरा रुपये टाकले. दरवर्षी साडी आणायचा.

"बाकी सीटवर ठेवेल शेतस," तो म्हणाला. म्हणजे सीट नाही तोवर साडी नाही.

वहिनी मला आत गाठून म्हणाली, "ताई, तुमच्या त्या सीटने यांचे दोन पायजमे फाडले. गावात पोरं विचारतात, नाना, तुमची सीट गहाण आहे का? मी तर म्हणते फ्रिजच विका." पण तिच्या ओठांच्या कडेला हसू होतं. हातात पाटल्या वाजत होत्या. पैशांचं कुणी काढलं नाही. पुरणपोळी झाली, नाना गोधडी नीट करून बसला आणि गेला. मी भांडी घासताना ठरवून टाकलं की पुढच्या खेपेला सीट करून द्यायची आणि विसरून जायचं.

आता तुझ्या प्रश्नाचं. कार्ड घेऊ का, तर माझं म्हणणं असं. तुला दुकानदार रोखीला काही कमी करत असेल तर ते आधी बघ, कारण पॉइंट फुकट मिळाल्यासारखा वाटतो आणि वटाव सुटल्याचं दिसतच नाही. तारखेला सगळे भरता येत असतील, आणि त्याच कंपनीची पुढची गाडी तुला कार्ड नसतानाही घ्यायचीच असेल, तर बिनधास्त घे. तेव्हाचं आता राहिलं नाही, आता भाजीवालीकडेही मोबाईलवर पैसे जातात. पण एक गोष्ट तेव्हाचीच आहे. कुणी म्हणालं, "तुझ्या कार्डावर घेऊ का, मी देते तुला," तर तुला नाही म्हणता येतं का? तू नानाची मुलगी आहेस. नाही म्हणता येत नसेल तर कार्ड घेऊ नकोस.

आमच्या पॉइंटांचं काय झालं विचारशील. व्हॅन घेतली ती दोन वर्षांनी, जुनी, रोखीने, आणि दुसऱ्याच कंपनीची, म्हणून गाडीतली सूट गेली. तोपर्यंत पॉइंटांवर एक मोठी छत्री आली होती, कंपनीचं नाव छापलेली. हातगाडीवरचा फोम तिच्याखाली कोरडा राहायचा. खोटं कशाला बोलू, छत्री चांगली होती.

तर नाना. डिसेंबर असेल, कारण वांग्यांच्या भरिताचे दिवस होते. साधाच वार. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. जीपचा हॉर्न वाजला. तू पुढच्या डाव्या सीटवर बसली होतीस, माझ्या चॉकलेटी कव्हरावर, पाय हलवत, हातात पेरू. तुला आठवत नसेल.

नाना हसतच आत आला. सगळ्यांसमोर, पडद्याकडे तोंड करून, मोठ्याने ह्यांना सांगायला लागला, म्हणजे मलाच.

"दाजी, काय ही तुमची जात! मी चोपड्याला गेलो सीटवाल्याकडे. म्हटलं, एवढी एक सीट करून द्या, दुप्पट घ्या. त्याने मागची शिवण पाहिली, गोट पाहिला. म्हणे, ही जळगावची शिवण. त्यांनी सीट सोडली म्हणजे काही कारण असेल, आधी तिकडचं मिटवा. म्हटलं, मरू दे. दुसऱ्या कामाला धुळ्याला गेलो होतो, तिथे तुमच्या उस्तादांकडे गेलो. म्हातारा उठून बाहेर आला, सीटला हात लावून पाहिला आणि मलाच विचारतो, किती महिने झाले? म्हटलं, चार. तर म्हणतो, मग कंबर फार मजबूत आहे तुमची!"

दुकानातली गिऱ्हाइकं हसायला लागली. हेही. पडद्याआड मी तोंडावर पदर धरून. म्हातारे उस्ताद, धुळ्यात बसून, माझं नावही न घेता माझ्या बाजूने उभे राहिले होते.

"उस्तादांनी आणखी एक विचारलं," नाना म्हणाला, आता हळू. "म्हणाले, सीट कुणी सोडली? म्हटलं, सख्ख्या बहिणीने. ते म्हणाले, मग तिला किती टोचलं असेल."

नाना पडद्याजवळ आला. पडदा न सारताच आत हात घातला. हातात रुमालात बांधलेली नोटांची पुरचुंडी होती.

"मोज व बहिण."

"मोजना नही लागत."

"मोज. व्याज बी शे तेम्हा. दाजीले इचारी लिधं मी, बँकनं किती लिधं ते. मुद्दल, व्याज, बठ्ठं शे."

"बठ्ठं" म्हणताना त्याचा आवाज जरा हलला, का माझेच कान हलले, सांगता येत नाही. मी खुंटीवरचं गुंडाळलेलं रेक्झीन काढलं, खडूच्या रेघा अजून तशाच होत्या. गोट लावून ते शिवलं. दुपारचं ऊन चांगलं होतं. तापवायला कव्हर बाहेर न्यायचं ते नेहमी हेच न्यायचे. त्या दिवशी मी नेलं. पडदा सारून, गिऱ्हाइकांच्या मधून, पदर खोचून. कुणीतरी म्हणालं, "अरेच्चा, कारागीर बाई आहे!" आणि तो विडीबंडलवाला टॅक्सीवाला त्यांच्यात होता, त्याने तर कपाळालाच हात लावला. मी कुणाकडे पाहिलं नाही. जुना काथ्या उपटून काढला, फोम घातला, तापलेलं रेक्झीन दोन्ही हातांनी ताणून बसवलं. नाना चढला, बसला, एकदा उडी मारून पाहिली.

"आते मन्ही बहिणनी सीट शे," तो म्हणाला आणि तुला मांडीवर घेऊन हॉर्न वाजवायला दिला.

तुम्ही गेल्यावर मी रुमाल सोडून पैसे मोजले. पुरे होते. मुद्दल पुरतं, व्याज पुरतं, एक रुपया कमी नाही. आणि तो पडद्याजवळ ठेवून गेला होता त्या पिशवीत वर एक साडीही होती, भाऊबीजेची, चॉकलेटी, पांढऱ्या काठाची.